सिमेंटवर डांबर : किती दिवसांचा संसार?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे संगणकापुढे बसायला घरातून बंदी होती. बंदी उठली आणि नेमका त्याच आठवड्यात विषय दारात चालत आला. विषय रस्त्याचा आहे. पुतणे-भाचे म्हणतील, काका आता रस्त्यावर आले. खरंच आलोय!

(नवीन वाचकांसाठी : आमचं मालेगाव म्हणजे नाशिककडचं नव्हे, वाशीम जिल्ह्यातलं. जुने लोक मालेगाव जहांगीर म्हणतात. आमची पत्रं नाशिक जिल्हा फिरून यायची, तो किस्सा पुन्हा कधीतरी.)

तर गेल्या रविवारी सकाळी गल्लीतले चार-पाच जण अर्ज घेऊन आले. त्यातले दोघे माझेच विद्यार्थी, आता त्यांच्या डोक्यावरचे केसही पिकलेत. म्हणाले, "गुरुजी, तुमची सही सगळ्यात वरतं पाह्यजे. तुमचं नाव पाहून बाकीचे करतीन." अर्ज वाचला. मागणी एकच, आपल्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता खराब झाला आहे, तरी त्यावर डांबरीकरण करून मिळावे. मी शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या (सवय जात नाही), पेन हातात धरलं आणि पुन्हा टोपण लावून खिशात ठेवलं. म्हटलं, दोन दिवस द्या. त्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. रस्त्याला कोणी नाही म्हणतं का?

नाही म्हणण्याचं कारण एका वहीत आहे. तीच आज तुमच्यापुढे उघडतो.

आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता २०११ साली झाला. त्याआधी काळ्या मातीचा चिखल. शाळेत जाताना मी चप्पल हातात घेऊन चौकापर्यंत जायचो आणि तिथल्या हापशीवर पाय धुऊन पुढे. त्यामुळे सिमेंट पडलं तेव्हा दिवाळी आल्यासारखं वाटलं. पाच-सहा वर्षं रस्त्याने काही तक्रार केली नाही. मग नळाची नवीन लाइन टाकायला कडेने चर खोदला. चर बुजवला तो त्याच मातीने, वरवर. दोन पावसाळ्यांत माती खचली, स्लॅबच्या कडेखालचा आधार गेला. आपली काळी माती कशी असते ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पावसात फुगते, उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जाईल. तिच्यावर आधार नसलेला स्लॅब म्हणजे तीन पायांचं टेबल. काही स्लॅब कोपऱ्यात तुटले, दोन-तीन डुगडुगायला लागले. रात्री मोटरसायकल गेली की 'खडक्-खडक्' असा आवाज घरात ऐकू यायचा.

मग मे २०२२ मध्ये एका सकाळी टिप्पर आला, रोलर आला आणि दुपारच्या जेवणाआधी सगळी गल्ली काळीभोर झाली. नारळ फुटला, पेढे वाटले. मीसुद्धा खाल्ला, नाही कशाला म्हणू? ज्यांनी ते काम केलं त्यांची नावं घेत नाही. तो या लेखाचा हेतू नाही. पण दोन गोष्टी मी ओट्यावरून डोळ्यांनी पाहिल्या. एक, खालचं सिमेंट धड झाडलंही नव्हतं, शेण, माती, कडब्याच्या काड्या सगळं तसंच. आणि दोन, डुगडुगणारे स्लॅब जसेच्या तसे ठेवून त्यांच्यावरच थर दिला. कडेला उघड्या राहिलेल्या थराला मी शाळेची फूटपट्टी लावली. दीड इंच.

योगायोग पाहा, त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून २०२२ मध्ये, अमरावती-अकोला रस्त्यावर जागतिक विक्रम झाला. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांब एक पदर सलग टाकला, गिनीज बुकात नोंद झाली. तो बिटुमिनस काँक्रीटचा होता. नावात काँक्रीट असलं तरी ते डांबरच, सिमेंट नव्हे. चहाच्या टपरीवर सगळीकडे तीच चर्चा. एकाने आमच्या गल्लीचाही विक्रम मोजला, अडीचशे फूट साडेतीन तासांत!

मी मात्र दुसरंच मोजायचं ठरवलं. किती वेळात झाला हे सगळे मोजतात, किती दिवस टिकला हे मोजू या. जुन्या हजेरीपटाची मागची कोरी पानं काढली आणि तारीख टाकून लिहायला लागलो. निवृत्त माणसाला असे उद्योग सुचतात. शेजारचे म्हणायचे, "गुरुजी, कायले रोज रोड पाहून राह्यले? पळून चालला का तो?"

पहिला पावसाळा चांगला गेला. वहीत "ठीक", "ठीक", "ठीक". डिसेंबरात थंडी पडली आणि एका सकाळी मला रस्त्यावर एक आडवी रेघ दिसली. केसाएवढी, पण अगदी सरळ. कोणी पट्टी ठेवून ओढावी तशी, या गटारापासून त्या गटारापर्यंत. सहा पावलं पुढे गेलो, दुसरी रेघ. पुन्हा सहा पावलं, तिसरी. सगळ्या मिळून सोळा. घरी आल्यावर डोक्यात प्रकाश पडला. सिमेंटच्या रस्त्याला दर पंधरा फुटांवर सांधे कापले होते, ते मीच तर पाहिले होते! डांबराखाली गाडलेला तो जुना रस्ता एकेक सांध्यागणिक वर येऊन हजेरी देत होता.

मी मराठी आणि भूगोल शिकवणारा माणूस, बी.ए. मराठी माध्यमातून. रस्त्याचं शास्त्र मला कुठून माहीत असणार? म्हणून रस्त्यांच्या कामावर असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, "सर, याला आमच्याकडे प्रतिबिंबाची भेग म्हणतात. खाली जे असेल ते वर दिसणारच." मग त्याने समजावलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो, गणित माझं आहे.

सिमेंट काँक्रीट तापलं की लांबतं, निवलं की आखडतं. दर अंशाला साधारण लांबीच्या एक लाखाव्या भागाएवढं. ऐकायला काहीच नाही. पण आमच्याकडे मे महिन्याच्या दुपारी रस्त्याचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर जातो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास येतो. चाळीस अंशांचा फरक धरा. साडेचार मीटरचा स्लॅब, म्हणजे साडेचार हजार मिलिमीटर. गुणाकार केला तर १.८ मिलिमीटर. म्हणजे थंडीत प्रत्येक सांधा जवळजवळ दोन मिलिमीटर उघडतो. उघडू दे की, त्यासाठीच तर तो कापलेला असतो. सिमेंटचं काहीच बिघडत नाही. बिघडतं वर चिकटून बसलेल्या डांबराचं. खालचे दोन स्लॅब विरुद्ध दिशांना सरकतात आणि मधल्या त्या चिमूटभर जागेवरच्या डांबराला सगळा ताण एकट्याने सोसावा लागतो. थंडीत डांबर आधीच कडक झालेलं असतं. मग ते फाटतं.

शिवाय वरून चाक जातं. ट्रक एका स्लॅबवर आला की तो स्लॅब किंचित दबतो, पुढच्यावर गेला की पुढचा दबतो. चांगल्या महामार्गावर सांध्यात लोखंडी गुळगुळीत सळ्या आडव्या घातलेल्या असतात (डॉवेल बार म्हणतात त्यांना). त्या ओझं शेजारच्या स्लॅबकडे पोचवतात, म्हणून दोघे बरोबर दबतात. सळ्या नसल्या, किंवा खालची माती गेलेली असली, की एक खाली एक वर, अगदी कात्रीच्या पात्यांसारखं. त्या कात्रीत डांबर किती दिवस टिकेल?

भेग पडली की तिथून पाणी आत जातं. खाली सिमेंट, ते पाणी पिऊन टाकत नाही. म्हणून पाणी दोन्हींच्या मधे बसून राहतं आणि प्रत्येक चाकाखाली पिचकारीसारखं उसळतं, खडीवरचं डांबर सोलून काढतं. आणि मधे शेण-माती असेल तर मग काय, चिकटलेलंच नसतं. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या वहीत "ठीक" हा शब्द संपला. आधी रेघांच्या दोन्ही बाजूंनी बारीक खडी सुटली, मग पापुद्रे, मग ताटाएवढे, परातीएवढे तुकडे. दिवाळीपर्यंत डुगडुगणाऱ्या स्लॅबांवरचं सगळं डांबर निघून गेलं आणि खालून २०११ चं सिमेंट पुन्हा दिसू लागलं. मे २०२२ ते दिवाळी २०२३, दीड वर्ष. दीड इंचाचं दीड वर्ष.

नंतर माझ्या विद्यार्थ्याने सांगितलं की अमेरिकेतल्या रस्तेवाल्यांचा एक जुना ठोकताळाच आहे, भेग वर्षाला साधारण एक इंच वर चढते. म्हणजे आमच्या गल्लीने जागतिक नियम पाळला म्हणायचा! पण त्याने लगेच बजावलं की सर, भेग दिसली म्हणजे रस्ता मेला असं नाही. भेग वेळेवर डांबराने बुजवत राहिलं आणि खालचा स्लॅब घट्ट असेल तर तोच थर आणखी कितीतरी वर्षं काढतो. दुरुस्त केलेल्या काँक्रीटवर नीट जाडीचा थर दिला तर आठ ते पंधरा वर्षं धरायला हरकत नसते.

आता इथे आमच्या धाकट्या भावाचा मुलगा मदतीला आला. तो अ‍ॅरिझोनात फिनिक्सला असतो. तिकडचं ऊन आपल्या अकोल्याला लाजवेल असं. त्याला मी विचारलं, तुमच्याकडे सिमेंटवर डांबर टाकतात का रे? तो म्हणाला, काका, मी रोज त्यावरूनच ऑफिसला गेलो! मग त्याने शोधून माहिती पाठवली. फिनिक्सचे मोठे रस्ते मुळात काँक्रीटचे. गाड्यांच्या टायरांचा आवाज फार होतो अशी आसपासच्या वस्त्यांची तक्रार होती. म्हणून २००३ पासून त्यांनी त्या काँक्रीटवर जुन्या टायरांचं रबर मिसळलेल्या डांबराचा थर दिला. किती जाड? फक्त एक इंच! आमच्यापेक्षाही पातळ. आणि तो दहा वर्षं, काही ठिकाणी त्याहून जास्त टिकला.

ठोकताळ्याप्रमाणे एका इंचाला एक वर्ष मिळायला हवं होतं. मग दहा कशी मिळाली? खालचं काँक्रीट धडधाकट होतं. स्लॅब डुगडुगत नव्हते. रबरामुळे डांबराला थोडी लवचीकता होती. पाऊस कमी, बर्फ नाही. आणि मुख्य म्हणजे तो थर खालचं दुखणं झाकायला टाकलेला नव्हता, आवाज कमी करायला टाकलेला होता. पुढची गोष्ट तर मला फारच आवडली. तो थर म्हातारा झाला, उखडायला लागला, तेव्हा अनेक ठिकाणी त्यांनी वर आणखी थर चढवला नाही. डांबर खरवडून काढलं आणि खालचंच काँक्रीट हिऱ्याच्या पात्यांच्या यंत्राने घासून गुळगुळीत केलं. पुन्हा काँक्रीटवरून गाड्या.

म्हणजे "सिमेंटवर डांबर किती टिकतं?" हा प्रश्नच मुळात अर्धा आहे. मास्तरी भाषेत सांगायचं तर अपुऱ्या माहितीवरचं गणित. थराची जाडी सांगितली, डांबराचा प्रकार सांगितला, तरी उत्तर येत नाही. खाली काय आहे ते आधी सांगा.

आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हचं उदाहरण घ्या. तिथला काँक्रीटचा रस्ता १९४० च्या सुमाराचा. आम्ही १९७८ मध्ये शाळेची सहल घेऊन गेलो होतो, तेव्हा मुलांना मी समुद्र दाखवला, पण पायाखालचा रस्ता माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. सत्तर वर्षं तो काँक्रीटवरच चालला. २०१२ च्या सुमारास त्यावर डांबराचा थर आला. सत्तर वर्षं ज्याने सेवा दिली त्याच्या म्हातारपणी वर शाल पांघरली, इथपर्यंत माझी हरकत नाही. पण शालीचं आयुष्य शालीइतकंच, हे पांघरणाऱ्याने तेव्हाच हिशोबात धरलं पाहिजे. ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागणार.

याउलट मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग. २००२ मध्ये पूर्ण झाला, बहुतांशी काँक्रीटचा. त्यावरून गेलेल्यांनी पाहिलं असेल, मधेच एखाद्या पदरात नवीन पांढुरक्या रंगाचे चौकोन दिसतात. खराब स्लॅब कापून काढायचा आणि तेवढाच नवा ओतायचा. शर्टाचं एक बटण तुटलं तर बटण लावतात तसं. दिसायला ठिगळ, पण काम मुळातलं. त्याला वेळ लागतो, पदर बंद ठेवावा लागतो, लोक शिव्या देतात.

आणि आता आपल्या दाराशी समृद्धी. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी भाग सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे भाग. ७०१ किलोमीटर, सगळा मिळून काँक्रीटचा रस्ता, आणि आमच्या तालुक्याच्या शेतांतून गेलेला. सप्टेंबर २०२५ मधली ती बातमी आठवते का? छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धीवर रात्री रस्त्यात खिळे ठोकलेले सापडले, गाड्या पंक्चर झाल्या, व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. माझ्याकडे तो सात जणांनी पाठवला. नंतर खुलासा आला, ते खिळे नव्हते, काँक्रीटमधल्या बारीक भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या होत्या. लोक चिडले ते बरोबरच. चालू रस्त्यावर अशा नळ्या उघड्या सापडतात म्हणजे काय? एखाद्याचा जीव गेला असता.

पण मला त्या दिवशी दुसरीच गोष्ट टोचली. भेगेतच औषध भरणं ही खरी दुरुस्ती. ती अशा निष्काळजीपणामुळे बदनाम झाली. आणि वरून काळा थर टाकून भेग झाकणं ही खोटी दुरुस्ती, तिला आम्ही पेढे वाटतो. माझ्या मनातली भीती सांगतो. समृद्धी आज तरुण आहे. दहा-पंधरा वर्षांनी कुठे कुठे सांधे कुरकुरतील, काळ्या मातीच्या पट्ट्यात एखादा स्लॅब बसेल. तेव्हा स्लॅब बदलायचा की डांबर अंथरायचं, असा प्रश्न कोणाच्या तरी टेबलावर येईल. डांबर स्वस्त पडतं, एका रात्रीत होतं, दुसऱ्या दिवशी फोटोत छान दिसतं. त्या टेबलापुढे आपल्यातलं कोणी नसेल. पण आपल्या गल्लीच्या टेबलापुढे तर आपण असतो ना? तिथेच आपल्याला हे मागता येत नसेल तर महामार्गाचं काय बोलायचं?

मी डांबराचा विरोधक नाही, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर कोणीतरी मला सिमेंटवाल्यांचा माणूस ठरवेल. सिमेंट रस्त्यांचेही माझ्याकडे ढीगभर दोष आहेत. नागपूरला माझ्या साडूंच्या घरापुढे सिमेंट रस्ता इतका उंच झाला की पावसाचं पाणी अंगणात येतं. सिमेंटवर डांबर घालायचे चांगले प्रकारही आहेत. डांबर टाकल्यावर खालच्या सांध्याच्या बरोबर वर आपण होऊन यंत्राने सरळ रेघ कापायची आणि ती मऊ मसाल्याने भरून टाकायची. भेग पडणारच आहे तर ती आपल्या सोयीने पाडायची! मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटली. दुसरं, मधे काचतंतूंची जाळी किंवा खास कापड घालतात, त्याने भेग वर यायला उशीर होतो. आणि खालचं काँक्रीट अगदीच गेलेलं असेल तर ते जागेवरच फोडून, त्याची खडी करून, दाबून त्यावर जाड डांबर देतात. मग सांधेच उरत नाहीत, प्रतिबिंब कशाचं पडणार? हे सगळं जगात कित्येक वर्षं चालू आहे. फक्त यातलं काहीही करायचं तर आधी खाली वाकून पाहावं लागतं, एकेका स्लॅबवर उभं राहून तो हलतो का ते तपासावं लागतं. आपल्याकडे मोजमाप होतं ते किलोमीटरचं आणि खर्चाचं. रस्त्याच्या वयाचं मोजमाप शाळामास्तराच्या हजेरीपटावर.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. नातेवाइकांना माहीत आहे, इतरांना नाही.

जानेवारी २०२४ मध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमची सौ. चार घरं पलीकडे निघाली होती. संध्याकाळची वेळ. उरलेलं डांबर आणि उघडं पडलेलं सिमेंट यांच्यामधे जी कड होती, तिच्यात तिचा पाय अडकला. खड्डा नव्हता. असता तर दिसला असता. फक्त दीड इंचाची कड, मी स्वतः फूटपट्टीने मोजलेली. खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं. आता ती वॉकरवर चालते, पण घरात आणि ओट्यापर्यंत. त्या रस्त्यावर वॉकरची चाकं चालत नाहीत. चार घरं पलीकडची तिची मैत्रीण आता इकडे येते. तीही सत्तरीची आहे, कड सांभाळत येते.

वहीत त्या दिवशीची नोंद नाही. नंतर आठवडाभर काहीच नाही.

तर रविवारी मंडळी गेल्यावर सौ.ने आतून विचारलं, "सही केली नाहीत ना?" मी तिला हे सगळं सांगितलं. प्रतिबिंबाची भेग, फिनिक्स, डुगडुगणारे स्लॅब. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण दीड वर्ष टिकतं म्हणता ना? दीड वर्ष मी चालेन. माझ्याकडे काय वीस वर्षं आहेत?"

मंडळी, चौतीस वर्षं वर्गात उभा होतो, कोणत्याही मुलाच्या प्रश्नाला मी असा गप्प झालो नव्हतो.

तिचं म्हणणं खोटं नाही. मजबूत कामाची वाट पाहा असं सांगणं मला सोपं आहे, मी चालू शकतो. आपले लोक पातळ थरावर खूश होतात ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. पुढचं काम होईल यावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून ते आज मिळतंय ते घेतात. हे मला पंचाहत्तरीत कळलं, तेही घरातून.

पण तिच्याच म्हणण्याची दुसरी बाजूही मी दोन दिवस चघळत होतो. ती पडली ती डांबर नव्हतं म्हणून नाही. डांबर होतं आणि गेलं, म्हणून कड तयार झाली. २०११ चा तुटका सिमेंट रस्ता खडबडीत होता, पण त्याला कड नव्हती, तिने त्यावरून दहा वर्षं ये-जा केली. नवा थर खालचं काही न करता टाकला तर दीड वर्षाने नव्या कडा, आणि जुना थर जिथे शिल्लक आहे तिथे त्यावर दुसरा, म्हणजे कड तीन इंचांची. तेव्हा ती वॉकर घेऊन बाहेर पडण्याची सवय झालेली असेल. हे मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण मटार सोलायचे थांबवून ऐकत होती, हे मी पाहिलं.

शेवटी मंगळवारी मी अर्ज नव्याने लिहून काढला. डांबर मागितलं आहे. पण त्याआधी काय करावं तेही लिहिलं. उरलेलं जुनं डांबर पूर्ण खरवडून काढावं. कोणते स्लॅब हलतात त्याचा नकाशा सोबत जोडला (भूगोलाचा उपयोग!), असे सहा आहेत. ते काढून, खालची माती बदलून, दाबून नव्याने ओतावेत. सांधे झाडून बुजवावेत. रस्ता धुऊन मगच थर द्यावा, आणि थर जिथे संपेल तिथे उतार करावा, पायरी ठेवू नये. रस्त्याच्या तोंडाशी पाटी लावावी, त्यावर थराची जाडी, तारीख, आणि किती वर्षं दुरुस्तीची जबाबदारी कोणाची ते लिहावं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर पाच वर्षांच्या देखभालीची पाटी असते, ती खेड्यात चालते तर गल्लीत का नको? आणि शेवटची ओळ सौ.च्या सांगण्यावरून घातली : हे सर्व होण्यास विलंब लागणार असल्यास तोवर निदान आठ दिवसांत सध्याच्या कडा घासून सपाट करून द्याव्यात. त्याला ना निविदा लागते ना रोलर.

मंडळी पुन्हा आली. अर्ज दीड पानाचा झालेला पाहून एक जण म्हणाला, "गुरुजी, हे इतलं कोन वाचीन?" दुसऱ्याला नकाशा आवडला, त्याने स्वतःच्या घरापुढचा सातवा स्लॅब दाखवून त्यात भर घातली. काहींना वाटतं की एवढं मागितलं तर काहीच मिळणार नाही. त्यांची भीती मला खोटी म्हणवत नाही.

आजपर्यंत एकतीस सह्या झाल्या आहेत. पहिली माझी नाही, सौ.ची आहे. तिने ओट्यावर वॉकरला टेकून उभं राहून केली. सोमवारी अर्ज द्यायला जायचं आहे. हजेरीपटात नवीन पान आखून ठेवलंय.